माणिकबाग : जर्मन स्थापत्यविशारदानें बांधलेला मराठी राजाचा प्रासाद

कारंज्यांत वाढलेल्यास कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट नव्यानें सांगावयास नको. उंटांवर लादून आलेली सारी कस्तुरी एका सावकारानें विकत घेतली व वाड्याच्या चुन्यांत कालविली, अशी ती आख्यायिका. दूरदेशींची मोलाची वस्तु आपल्या वास्तूंत असावी ही हौस फार जुनी. शलमोन राजानेंही मंदिरासाठीं लबानोनाहून गंधसरूचें लाकूड आणविलें होतें. परंतु इंदूरच्या एका मराठी राजानें वस्तूंबरोबर घराची कल्पनाही जर्मनींतून आणविली, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते.

यशवंतराव होळकर (दुसरे) हे १९२६ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, गादीवर आले. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां एकार्ट म्यूथेसियस या जर्मन तरुणाशीं त्यांचा स्नेह जडला. १९३० सालीं माणिकबागेचें काम त्यांनीं या मित्राकडे सोंपविलें, तेव्हां राजा बावीस वर्षांचा आणि स्थापत्यविशारद जेमतेम सव्वीस वर्षांचा होता!

एकार्टच्या अंगीं ही विद्या घरांतूनच आली होती. त्याचे वडील हेर्मान म्यूथेसियस हे १८९६ ते १९०३ पर्यंत लंडनच्या जर्मन वकिलातींत होते. तेथील घरांचा अभ्यास करून त्यांनीं तीन भागांचा ग्रंथ लिहिला व स्वदेशीं परतल्यावर बर्लिनच्या परिसरांत अनेक बंगले बांधले. राहणाऱ्याचा नित्यक्रम, ऊन आणि वारा यांवरून घराचा आकार ठरावा, डामडौलावरून नव्हे, असें त्यांचें मत. निकोलासी येथील १९०७-०८ सालचें त्यांचें फ्रॉइडेनबर्ग-गृह आज कायद्यानें संरक्षित आहे.

मुलानें हेंच तत्त्व माळव्याच्या उन्हाळ्यास लाविलें. माणिकबाग बाहेरून अगदीं साधी; राजवाडा पाहण्यास गेलेल्याची निराशाच व्हावी. खरी करामत आंत होती. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून खिडक्यांना रंगीत कांचा होत्या, आणि हवा थंड राखण्याची यंत्रें बसविलीं होतीं. त्या काळीं हिंदुस्थानांत हें मोठें नवल होतें. दिवे, कपाटें व बरेंचसें सामान म्यूथेसियसनें स्वतः आंखलें व तें बर्लिनमध्यें तयार होऊन बोटीनें आलें. पलंग धातूचे आणि कांचेचे, गालिचे पॅरिसच्या दा सिल्वा ब्रून्स यांचे, कांहीं खुर्च्या ल कॉर्बुझिए व आयलीन ग्रे यांच्या. कोणती वस्तु कोठें ठेवावयाची हें भिंतींबरोबरच ठरलेलें होतें.

पुढील हकीकत मात्र मन उदास करणारी आहे. राणी संयोगितादेवी, ज्या कागलच्या घराण्यांतील, १९३७ सालीं ऐन तारुण्यांत स्वित्झर्लंडांत वारल्या. रुमानियन शिल्पकार ब्रांकूशी याच्या तीन पक्षिशिल्पांसाठीं योजलेलें ध्यानमंदिर कधींच उभें राहिलें नाहीं. १९६१ सालीं यशवंतराव निवर्तले, आणि १९८० सालीं मोनॅको येथें या सामानाचा लिलाव झाला. घर व सामान मिळून जी एकच कृति होती, ती तेव्हां विखुरली. वास्तु शाबूत राहिली एवढ्यानें माझें समाधान होत नाहीं. बाहेरच्या भिंती हा तर या घराचा सर्वांत सामान्य भाग होता.

२०१९ सालीं पॅरिसच्या एका संग्रहालयानें विखुरलेल्या वस्तूंपैकीं बऱ्याच गोळा करून त्यांचें प्रदर्शन भरविलें. इंदूरच्या मूळ दालनांत मात्र सरकारच्या जकात व अबकारी खात्याची कचेरी आलेली होती, आणि ल कॉर्बुझिएच्या खुर्च्यांच्या जागीं कारकुनांचीं मेजें लागलीं होतीं.