काँक : यात्रेकरूंनी घडवलेले गाव

फ्रान्सच्या दक्षिण भागातील डोंगराळ प्रदेशात काँक नावाचे एक लहानसे गाव आहे. दगडी पातळ फरश्यांनी शाकारलेली घरे उतारावर दाटीवाटीने उभी आहेत आणि त्यांच्यामध्ये, गावाच्या मानाने फारच मोठे असे एक चर्च आहे. अशा आडवळणी खेड्यात एवढी भव्य वास्तू का उभी राहिली? त्याचे उत्तर एका चोरीपासून सुरू होते.

आठव्या शतकाच्या अखेरीस एक तपस्वी येथे एकांतवासासाठी आला आणि पुढे त्या जागी ख्रिस्ती संन्याशांचा मठ उभा राहिला. मठाजवळ प्रसिद्ध संताच्या अस्थी नव्हत्या. आणि मध्ययुगीन युरोपात यात्रेकरू येत ते प्रामुख्याने अस्थींच्या दर्शनाला. आजाँ या शहरात मात्र संत फ्वा या कुमारिकेच्या अस्थी होत्या. परंपरेनुसार, रोमन अमलात इ. स. ३०३ च्या सुमारास, धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे तिला ठार मारण्यात आले होते. काँकचा एक मठवासी आजाँला जाऊन राहिला, वर्षानुवर्षे त्याने तेथील लोकांचा विश्वास संपादन केला आणि ८६६ च्या सुमारास संधी साधून अस्थी काँकला आणल्या, असे मठाची परंपरा सांगते. विशेष म्हणजे मठाने ही गोष्ट लपवली नाही. संतेचीच इच्छा नसती, तर अस्थी जागच्या हलल्या नसत्या, असा त्या काळचा युक्तिवाद होता. आजाँच्या लोकांना तो फारसा पटला नसावा.

या अस्थींसाठी सोन्याचा पत्रा मढवलेली बैठी मूर्ती घडवण्यात आली. तिची उंची अवघी ८५ सेंटीमीटर असून मस्तक त्याहून जुने, रोमन काळातील आहे. १०१३ मध्ये बर्नार नावाचा विद्वान उत्तरेकडील आँजे शहरातून येथे आला, तेव्हा मूर्तीपुढे हात जोडणारे लोक पाहून त्याला हसू आले. ही तर जुन्या देवदेवतांची पूजा, असे त्याला वाटले. परंतु लोकांच्या तोंडून संतेच्या कथा ऐकता ऐकता त्याचे मत पालटले आणि त्याने त्या कथांचा ग्रंथच लिहिला. त्यातील संत फ्वा मोठी लोभस आहे. ती स्त्रियांच्या स्वप्नात जाऊन त्यांची अंगठी वा कंकण हट्टाने मागते! मूर्तीवर जडवलेली रत्ने पाहिली, की या कथांमागील नवसांची कल्पना येते. कैदेतून सुटलेले लोक तर आपल्या बेड्याच आणून वाहत. त्या इतक्या साठल्या, की त्यांच्या लोखंडापासून जाळीची दारे घडवण्यात आली, असे बर्नार नोंदवतो.

स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे येशूचा शिष्य याकोब याची समाधी मानली जाते. तिकडे जाणारा एक पायी मार्ग काँकवरून गेल्यामुळे गर्दी वाढली. अकराव्या शतकात नवे चर्च बांधण्यास प्रारंभ झाला, तो ही गर्दी डोळ्यांसमोर ठेवूनच. वेदीच्या मागून प्रदक्षिणामार्ग ठेवलेला असल्यामुळे प्रार्थना चालू असतानाही यात्रेकरूंना अस्थींपाशी जाता येई.

पश्चिम दारावरील अर्धवर्तुळाकृती शिल्पपटात अंतिम न्यायाचा देखावा कोरला आहे. निरक्षर यात्रेकरूंनाही तो वाचता येई. नरकाच्या बाजूला गळ्यात थैली अडकवलेला कंजूष आहे, घोड्यावरून कोसळलेला गर्विष्ठ सरदार आहे आणि सैतानाच्या जाळ्यात सापडलेले धर्माधिकारीही आहेत. मठाने आपल्याच वर्गाला सूट दिली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या बाजूला देवाच्या हातापुढे नतमस्तक झालेली फ्वा दिसते. तिच्यामागे बेड्या टांगलेल्या आहेत.

पुढे यात्रा रोडावली. १५६८ मध्ये धर्मयुद्धात मठाला आग लावण्यात आली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांची मालमत्ता सरकारजमा होऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी मूर्ती व मौल्यवान वस्तू लपवल्या आणि धोका टळल्यावर परत आणून दिल्या. त्या काळातील सोने वितळवले जाण्याचे प्रमाण पाहता हे मोठेच धाडस होते. १८३७ मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरिमे स्मारकांचे निरीक्षक म्हणून आले. मोडकळीस आलेली ही वास्तू पाहून त्यांनी तिच्या रक्षणासाठी प्रयत्न केले.

१९९४ मध्ये चित्रकार पिएर सुलाज यांनी घडवलेल्या १०४ रंगहीन काचांच्या खिडक्या चर्चला लाभल्या. चर्च आणि गावाखालील नदीवरचा जुना पूल १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पाठीवर सामान घेतलेले पायी यात्रेकरू आजही तो पूल ओलांडून पुढच्या चढाला लागतात.