टर्रर्र... खट्! प्रिंटर गातोय

बँकेत पासबुक भरायला गेला असाल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. टर्रर्र, टर्रर्र, खट्! कधी एकदा संपतंय असं आपल्याला होतं. मॉन्ट्रियलच्या दोघांना मात्र त्यात चक्क सिम्फनी ऐकू आली.

थॉमस मॅकिन्टॉश आणि इमॅन्युएल मदान या जोडीचं नाव 'द यूजर'. लेझर आणि इंकजेट आल्यावर नव्वदच्या दशकात ऑफिसांमधले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अडगळीत जायला लागले. यांनी ते गोळा केले, जुन्या कम्प्युटरना जोडले, सर्व्हरला कंडक्टर केलं आणि 'सिम्फनी फॉर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर्स' उभी राहिली. 1999 मध्ये तिची सीडीही निघाली. नोटेशन? साध्या टेक्स्ट फाइल्स!

गंमत प्रिंटरच्या हेडमध्ये आहे. तिथल्या बारीक पिना (बहुतेकदा 9 किंवा 24) शाईच्या रिबिनीवर आपटतात आणि कागदावर ठिपके उमटतात. ठोके जितके भरभर, तितका सूर चढा. अक्षर बदललं की आवाज बदलतो, स्पेस दिली की पिना गप्प, ओळ संपली की कागद सरकल्याचा ठेका. छापून येतं ते वाचायला निरर्थक, पण ऐकायला भारी!

यासाठी मोठा स्टुडिओ लागतो असंही नाही. 2008 मध्ये ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या जेम्स ह्यूस्टनने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये रेडिओहेडचं 'न्यूड' जुन्या यंत्रांवर वाजवलं. गिटारला झेडएक्स स्पेक्ट्रम कम्प्युटर, ड्रम्सला एप्सनचा प्रिंटर, बेसला स्कॅनर आणि गायला हार्ड डिस्क! बँडच्या रिमिक्स स्पर्धेची मुदत हुकली होती, तरी पठ्ठ्याने काम पूर्ण केलं. ते सुरेल व्हावं हा त्याचा हट्टच नव्हता. ज्यासाठी आपण बनलोच नाही ते करायला ही यंत्रं जीव तोडून झटतात आणि थोडी कमी पडतात, हेच त्याला दाखवायचं होतं. परीक्षेच्या दिवसांत हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही एखादा चालू डॉट मॅट्रिक्स भंगारवाल्याची वाट बघत पडला असेल. सरांना विचारा. स्क्रूही उघडायला नको. विंडोजमध्ये 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर निवडा, एक ओळ नुसत्या टिंबांची, एक ठासून अक्षरांची, मग दोन रिकाम्या ओळी, असं टाइप करून प्रिंट द्या. मोबाइलवर रेकॉर्ड करा. तो भंगारात गेला, की हा आवाजही गेला.