सात चिंचोके आणि सहा गड्ड्या

चार वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर उभे राहून एक ते पन्नास अंक धडाधड म्हणते आणि घरातील सर्वांचे चेहरे खुलतात. त्याच मुलापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवून ‘यातले सात काढून दे’ असे म्हटले, तर पुष्कळदा ते मूठभर चिंचोके उचलून पुढे करते. मुलाच्या बुद्धीत काही उणे आहे असे नव्हे. अंकांची नावे पाठ असणे आणि संख्या समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून दुसरीपर्यंत पोहोचण्यास लहान मुलांना वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. शाळाप्रवेशाच्या धांदलीत हा काळ मुलांना क्वचितच मिळतो. वाटी बाजूला राहते आणि वही पुढे येते.

मोजणे ही दिसते तितकी सोपी क्रिया नाही. प्रत्येक वस्तूला एकच शब्द द्यायचा, एकही वस्तू सोडायची नाही, एकही दोनदा घ्यायची नाही. आणि शेवटी उच्चारलेला ‘सात’ हा शब्द शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून साऱ्या ढिगाची संख्या आहे, हे उमगायचे. मोजलेला चिंचोका बोटाने एकीकडे सरकवता येतो. पुस्तकातील चित्र सरकवता येत नाही. वस्तूंचे सारे महत्त्व या सरकवण्यात आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले, की समान संख्येच्या दोन ओळींपैकी एक ओळ पसरून ठेवली तर लहान मुले त्या लांब ओळीत वस्तू अधिक आहेत असे सांगतात. अशा वेळी ‘चूक!’ म्हणण्याने काही साधत नाही. दोन्ही ओळींतील एकेक वस्तू समोरासमोर जुळवून पाहू दिली, की मूल स्वतःच विचारात पडते.

व्यापारी घरांत हे शिक्षण पूर्वी न मागता मिळे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा व चौसष्ट पैशांचा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुलांकडून घोकून घेतली जात; परंतु त्या घोकंपट्टीशेजारी तराजू, मापे आणि नाण्यांचा गल्लाही असे. आज नागपूरच्या इतवारीतील दुकानात ग्राहक भ्रमणध्वनीने पैसे देतो. रक्कम कानावर पडते, नाणे हाती येत नाही. दुकानात बसणारी मुले हिशेब आपोआप शिकतात, या समजुतीलाही मर्यादा आहेत. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुले व्यवहारातील गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करताना आढळली; मात्र तशीच उदाहरणे शालेय पद्धतीने पुढे ठेवली, की ती अडखळत. शाळेतील मुलांची अडचण याच्या उलट होती. बाजार आणि पाटी यांना जोडणारा पूल मुद्दाम बांधावा लागतो.

मराठीत तर या पुलाला आणखी एक वळण आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारले जातात आणि लिहिताना सहा आधी येतात. म्हणून मुले ३६ लिहून मोकळी होतात. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा केवढे वादळ उठले! विधानसभेतही त्याची चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा हेतू मुलांची भीती कमी करण्याचा होता. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी घरी करण्याजोगी गोष्ट एकच आहे: दहा-दहा काड्यांना रबर लावून गड्ड्या बांधाव्यात. सहा गड्ड्या आणि तीन सुट्या काड्या समोर असल्या, म्हणजे त्यांना त्रेसष्ट म्हणा वा साठ तीन, लिहिताना सहाच आधी येतात.

येथे व्यापारी घरांत एक घाई हमखास होते: गड्डीऐवजी दहाची नोट आणि रुपयाची नाणी मुलाच्या हाती दिली जातात. नोटेत दहा दिसत नाहीत; ते मानावे लागतात. गड्डी मात्र सोडता येते. बेचाळिसातून सतरा वजा करताना एक गड्डी सोडली, की दहा काड्या सुट्या होतात. नोट त्यानंतर यावी. तीन वर्षांखालील मुलांजवळ मात्र चिंचोके, वाटाणे, मणी ठेवू नयेत. त्यांच्यासाठी वाट्या, चमचे, संत्री पुरेशी आहेत.

नागपूरहून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवरील वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, मारवाडी समाजाने उभारलेल्या विद्यालयात, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून जन्मलेल्या नई तालीममध्ये सूतकताई हे गणिताचेही साधन होते. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. मुलाने आपले सूत मोजावे, मांडावे आणि कालच्याशी ताडून पाहावे.

जैन परंपरेला तर ही रीत परकी नाहीच. ‘त्रिलोकसार’ व ‘अनुयोगद्वार’ या ग्रंथांत असंख्याताची कल्पना देण्यासाठी मोहरीच्या दाण्यांचा आधार घेतला आहे. अनवस्था कुंडातील दाणे एकेक करून द्वीप-समुद्रांत टाकत जायचे. ते संपले, की शलाका कुंडात खुणेचा एक दाणा. शलाका भरले, की प्रतिशलाकेत एक. आणि ते भरले, की महाशलाकेत एक. जेथे कल्पनाही थकते, तेथे आचार्यांनी मोहरीचा दाणा हाती दिला. भरलेल्या कुंडाबद्दल पुढच्या कुंडात एकच दाणा टाकणे आणि दहा काड्यांची एक गड्डी बांधणे, यांत विचार एकच आहे.

घरातील आजी नवकाराचा जप करताना हेच करीत असते. उजव्या हाताच्या चार बोटांवरील बारा स्थाने पूर्ण झाली, की डाव्या हाताचे एक पेर पुढे सरकते. अशी नऊ आवर्तने झाली, की १०८. आणि त्याच घरात बेरीज करताना बोटे दुमडणाऱ्या नातवाला ‘बोटे मोजू नकोस’ असे दटावले जाते! बोटे ही मुलाला मिळालेली पहिली मोजणी-साधने होत. ती काढून घ्यावी लागत नाहीत. आठ आणि पाच मिळवताना मूल प्रथम तेराच्या तेरा चिंचोके मोजते; काही महिन्यांनी आठ मनात धरून पुढचे पाचच बोटांवर मोजते; मग एके दिवशी वाटीकडे न पाहताच ‘तेरा’ म्हणून खेळायला निघून जाते.