माऊसने हलणारा डोंगर

मुलांनो, कॉम्प्युटरवर कधी जत्रा उभारली आहे का? साधीसुधी नव्हे हं! आपल्या खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारखी, रोलर कोस्टरवाली. ख्रिस सॉयर या स्कॉटलंडच्या गृहस्थाने १९९९ मध्ये ‘रोलरकोस्टर टायकून’ हा खेळ बनवला. त्यात मोकळी जमीन आणि मोजके पैसे मिळतात. त्यातून बाग फुलवायची.

गंमत आहे ती जमिनीची. तिचा चौकोन माऊसने धरून वर ओढला की टेकडी, खाली ओढला की खड्डा! नवखी मुलं आधी सगळं सपाट करत सुटतात. पण प्रत्येक चौकोन हलवायला पैसे पडतात, मग पाळण्यांना काही उरतच नाही. मुरलेला खेळाडू आधी उतार बघतो. उंच खांब महाग, म्हणून तो टेकडीचीच उंची वापरतो. शिवाय रूळ जमिनीला लगटून किंवा बोगद्यातून गेले, की गुणही वाढतात.

टेकडी आडवी आलीच तर? ती कापा, नाहीतर आतून बोगदा काढा. पुढे खोलगट भाग लागला तर भराव घाला किंवा खांबांवरून जा.

रोह्याच्या मुलांना हे सगळं रुळांवर बघायला मिळतं. कोकण रेल्वे रोह्याहूनच पुढे जाते ना! २६ जानेवारी १९९८ रोजी हा सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला. त्यावर नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे २,००० पूल आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तर पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच!

एवढा खटाटोप कशाला? रोलर कोस्टरला साखळी वर ओढून नेते आणि खाली सोडून देते. त्यामुळे त्याला कडाही चालतो. आगगाडीची पोलादी चाकं पोलादी रुळांवर चढ चढताना घसरू लागतात. म्हणून तिला अगदी बेताचाच चढ लागतो.

आता खेळात आणि खऱ्या डोंगरात फरक कुठे पडतो ते बघा. खेळात टेकडी भिंतीसारखी उभी कापली तरी जन्मभर तशीच राहते. खरा डोंगर नाही राहत. १६ जून २००४ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, करंजाडीजवळ, रुळांवर आलेल्या दगडांना मत्स्यगंधा एक्सप्रेस धडकली. डबे पुलावरून खाली गेले, माणसं दगावली. आदल्याच वर्षीच्या जूनमध्ये वैभववाडीजवळही तसंच झालं होतं. दोन्ही अपघात पावसाळ्यातले.

पावसात असं का होतं? घरी करून बघा. ताटात कोरडी वाळू ओता. ढीग कितीही वाढवा, त्याचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांवरच थांबतो. कंपासपेटीतला कोनमापक लावा की! वर टाकलेली वाळू घसरून खाली येते. तीच वाळू थोडी ओली करा, किल्ल्याची भिंत उभी राहील. आता त्या भिंतीवर तांब्याभर पाणी ओता. बसली ना खाली? (हा प्रयोग अंगणात करा, नाहीतर आईचा ओरडा ठरलेला.) पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कारागिरांना हे पक्कं ठाऊक असतं. शाडूत पाणी कमी पडलं तर मूर्तीला तडा जातो, जास्त झालं तर ती बसते. डोंगराची मातीही तशीच. पाणी मुरलं की तिचे कण एकमेकांना सोडू लागतात, आणि मातीत रुतलेले धोंडे सुटतात.

म्हणून त्या अपघातांनंतर कोकण रेल्वेने कापलेल्या डोंगरांचे उतार कमी केले, कड्यांवर लोखंडी जाळ्या ठोकल्या. पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या हळू धावतात, आणि गस्तीची माणसं रात्रीसुद्धा भर पावसात, हातात बॅटरी घेऊन, रुळांच्या कडेने चालत डोंगराकडे बघत असतात.