गाडी एकही नाही, तरी वीज लाखभर!

दोस्तांनो, एक कोडं घालते. मोटारींच्या कारखान्याला रविवारची सुट्टी आहे. दिवसभरात एकही गाडी तयार झाली नाही. मग त्या दिवशी वीज किती लागली असेल?

शून्य? छे! भरपूर लागली!

पुण्याजवळ चाकणला मोटारींचे मोठाले कारखाने आहेत. अशा कारखान्यात अजस्र यंत्रं पत्रा दाबून दरवाजे घडवतात, यंत्रमानव ठिणग्या उडवत सांधे जोडतात. पण सगळ्यात जास्त ऊर्जा खातं कोण, ठाऊक आहे? रंगकामाचा विभाग! गाडीचा सांगाडा आधी रंगाच्या भल्यामोठ्या टाकीत बुडवतात, मग दीडशे अंशांहून गरम भट्टीत भाजतात. टाकीतला रंग सतत ढवळत ठेवावा लागतो, नाहीतर तो तळाशी बसतो. म्हणून रविवारीसुद्धा पंप चालूच!

आणखी गंमत म्हणजे रंग फवारायच्या खोलीतली हवा ना फार दमट चालते, ना फार कोरडी. जुलैत बाहेर धो-धो पाऊस असला, की हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढायचं आणि मग ती पुन्हा कोमट करायची. म्हणजे तीच गाडी, तोच रंग, पण पावसाळ्यातला खर्च वेगळा आणि हिवाळ्यातला वेगळा. मला तर हे फारच आवडलं!

आता पुढच्या आठवड्यातल्या एका दिवसाच्या विजेचा अंदाज बांधू. समजा, एकही गाडी न बनवता कारखान्याला दिवसाला १ लाख युनिट लागतात आणि ५०० गाड्या बनवल्या की ३ लाख. म्हणजे दर गाडीमागे वाढले ४०० युनिट. मग ३०० गाड्यांना किती? १ लाख अधिक १ लाख २० हजार, म्हणजे २ लाख २० हजार. नुसतं त्रैराशिक मांडलं असतं तर उत्तर आलं असतं १ लाख ८० हजार. चक्क ४० हजार युनिटांची चूक! खरे अभियंते यात हवामान आणि सुट्ट्याही धरतात.

आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशावर बनते. म्हणजे आपल्या ३०० गाड्यांच्या दिवसाचा झाला सुमारे १५४ टन! भट्टीत गॅस जळत असेल, तर त्याचा धूर वेगळा. शिवाय गाडीचा पत्रा कारखान्यात येण्याआधीच, एक टन पोलाद बनवताना भारतात दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. तो हिशेबात धरलाच पाहिजे.

अंदाज आधी कळला, की भट्ट्या कधी पेटवायच्या, सौरऊर्जा किती घ्यायची, हे ठरवता येतं.

तुम्हीही करून बघा. घरच्या वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून पुढच्या महिन्याचे युनिट किती येतील ते वहीत लिहा. सगळे गावाला गेलात तरी फ्रिज चालू असतो, हे विसरू नका! बिल आलं की ताडून पाहा, आणि किती चुकलं ते आम्हाला नक्की कळवा.