आधी वैर, मग लग्न

आधी भांडण आणि मग प्रेम, अशा गोष्टींचा उत्तम नमुना म्हणजे जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही इंग्रजी कादंबरी (१८१३). मेरीटन हे त्यातले कल्पित छोटे गाव. तिथल्या नाचाच्या कार्यक्रमात डार्सी हा श्रीमंत पाहुणा एलिझाबेथबरोबर नाचायला नकार देतो, तोही तिला ऐकू जाईल असा. एका संध्याकाळीत गावाचा निकाल लागतो: माणूस गर्विष्ठ! पुढे विकहॅम हा पलटणीतला गोडबोल्या अधिकारी डार्सीची निंदा करतो, ती सगळ्यांना लगेच पटते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष आकड्यांकडे जाते. डार्सीचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड. एलिझाबेथच्या वाट्याला १,००० पौंड, व्याज ४ टक्के. म्हणजे वर्षाला ४० पौंड, तेही आईच्या पश्चात. वडिलांची जमीन दूरच्या भाऊबंदाकडे जाणार. तरीही ती डार्सीची पहिली मागणी ठामपणे नाकारते.

तिचे मत बदलते ते गावाबाहेर. केंटमध्ये ती त्याचे पत्र वाचते. पुढे डर्बीशायरमध्ये, तो चार वर्षांचा असल्यापासून त्याला ओळखणाऱ्या घरच्या कारभारणीकडून त्याची खरी ओळख होते.

लहान समाजात माणसाविषयीची पहिली नोंद ‘मागील पानावरून पुढे’ चालूच राहते. आपल्याकडे स्थळ बघतानाही हेच होते. एलिझाबेथ ती नोंद स्वतः तपासते आणि आपली चूक कबूल करते. प्रेमाला सुरुवात होते ती तिथून.