कपडा शिवला कोणी?

मँचेस्टर येथे २००६ साली स्थापन झालेल्या बूहू कंपनीने दुकान न मांडता इंटरनेटवरून कपडे विकण्यास आरंभ केला. आधी थोडे नग शिववून घ्यावयाचे, गिऱ्हाइकांची पसंती पाहावयाची आणि खपेल तोच माल तातडीने पुन्हा मागवावयाचा, ही तिची रीत. दूरदेशाहून जहाजाने येणाऱ्या मालाला ही घाई कशी साधणार? म्हणून इंग्लंडातीलच लेस्टर शहराचे लहान कारखाने तिला सोयीचे पडले. परंतु तेथे एकाने घेतलेले काम परस्पर दुसऱ्याकडे जाई. कपडा नेमका कोणी शिवला, हे खुद्द कंपनीसही पुष्कळदा ठाऊक नसे! किमान वेतन तासाला ८.७२ पौंड असताना तेथे साडेतीन पौंडच देऊ केले जात असल्याचे वृत्त २०२० च्या जुलैत प्रसिद्ध झाले. ॲलिसन लेव्हिट यांच्या चौकशीत तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरल्या. मार्च २०२१ मध्ये कंपनीने ब्रिटनमधील पुरवठादारांची यादी जाहीर केली. तीत ७८ नावे होती.